जळत्या मोहरीचा वास

फोडणीवरून माणसाची परीक्षा घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमकं त्याच्याच घरात मला भाड्याने राहायची वेळ आली. सावर्ड्याहून बदली होऊन मी रत्नागिरीला आले होते. सरकारी कचेरीतली कारकुनी, ओळखीचं कोणी नाही, आणि लॉजचं जेवण खाऊन पोट बिघडलेलं. कचेरीतल्या एका बाईंनी खालच्या आळीतला पत्ता दिला. चिऱ्याचं जुनं घर, मागे नारळी-पोफळीचं लहानसं आगर, आणि माडीवर कौलांखाली दोन खोल्या. मी बेल वाजवली तर घरमालक हातात फोडणीची लोखंडी पळी घेऊनच बाहेर आले. काळेसावळे, किरकोळ, बनियन आणि पंचा. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न हा:

"फोडणीत आधी काय घालतेस?"

"मोहरी," मी म्हटलं.

"केव्हा?"

"तेल तापल्यावर."

"तापलं हे कळतं कसं?"

भर उन्हात पायपीट करून आले होते. डोकं आधीच फिरलं होतं. मी म्हटलं, "एक दाणा टाकून बघते. नाही तडतडला तर घरमालकाला टाकते."

आतून बाईमाणसाचं हसू फुटलेलं ऐकू आलं. "द्या हो तिला खोली," आतला आवाज म्हणाला, "ही माझ्या बाजूची दिसत्येय."

त्या काकू. मी राहिले ती त्यांच्यामुळे. काकांच्या भरवशावर असते तर मोहरीचा तोंडी पेपर देता देता संध्याकाळ झाली असती.

काका एसटीच्या डेपोत नियंत्रक होते. जन्मभर फलाटावर उभं राहून गाड्या पुकारल्यामुळे त्यांचा आवाज त्यांच्या अंगापेक्षा मोठा होता. निवृत्त झाल्यावर पुकारायला गाड्या उरल्या नाहीत, म्हणून त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. सकाळी मी माडीवर वेणी घालत असायची आणि खालून आरोळी यायची, "मोहरी सुटलीऽऽ! कढीपत्ता लवकरात लवकर फलाटावर यावा!" काकू मागच्या दारातून कढीपत्ता तोडत ओरडायच्या, "कढीपत्ता आज लेट आहे, गुडघा पंक्चर झालाय!" शेजारच्या घरातली माणसं हसायची. मीही हसायची. तेव्हा हसू यायचं.

त्यांच्या घरात मोहरीचे तीन डबे होते. एक फोडणीचा. एक फेसायच्या मोहरीचा. आणि तिसरा पितळी, घट्ट झाकणाचा, त्याला कोणी हात लावायचा नाही. त्यातली मोहरी खायची नव्हती. "ती कामाची," काका म्हणत. बाकीच्या दोन डब्यांतली काय बिनकामाची होती, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की त्यांचं भाषण सुरू व्हायचं. मिरची बोंबलते, मोहरी बोलते. हळद ही भोळी, जिरं हे उगाच मध्ये मध्ये करणारं, हिंग म्हणजे बडा माणूस, थोडाच वेळ बरा. आणि मोहरी? मोहरी पोटात जाते तेव्हा अन्न, छातीवर बसते तेव्हा औषध आणि आगीत पडते तेव्हा राखण. "दाण्याएवढी चीज, पण तीन खात्यांचा चार्ज आहे तिच्याकडे," असं म्हणून ते आमच्याकडे बघायचे, जसं काही मोहरीची नेमणूक त्यांनीच केली होती.

उन्हाळ्यात रायवळ आंबे यायला लागले की काका रायतं करत. मोहरी खलात घालून, कणभर मीठ आणि पाण्याचे थेंब टाकत टाकत ते ती फेसायचे. फेसताना कोणी जवळ उभं राहिलं तर त्याच्या नाकात झणका जायचा आणि काका खूश व्हायचे. मग त्यात अख्खे पिकलेले आंबे, गूळ, खोबरं. पहिला घास घेतला की माणसाने डोळे मिटून टाळूवर हात दाबून धरलाच पाहिजे अशी त्यांची अपेक्षा असे. आमच्या कचेरीतले एक साहेब एकदा जेवायला आले आणि शांतपणे म्हणाले, "छान आहे, गोड आहे." काकांनी त्या माणसाला पुन्हा घरात घेतलं नाही. "नाक नसलेला माणूस," ते म्हणाले. त्यांच्या तोंडची ती सर्वांत वाईट शिवी होती.

कारण नाक हा काकांचा मुख्य अवयव. बाकीचं शरीर नुसतं ते नाक वाहून न्यायला दिलेलं. देवळातून परत येताना आळीतल्या प्रत्येक घराचा अहवाल त्यांच्याकडे असायचा. अमक्यांकडे आज डाळ लागली. तमक्यांची मोहरी करपली, म्हणजे नवराबायकोचं वाजलेलं दिसतंय. काकू म्हणायच्या, "लोकांच्या चुलीत नाक खुपसून एक दिवस भाजून घ्याल." पण बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं, हेही खरं.

औषधाचं म्हणाल तर तो अनुभव मी माझ्या पाठीवर घेतलेला आहे. एका थंडीत माझी छाती भरली होती. खोकून खोकून कौलं हलायची. काकांनी मोहरी वाटून, पिठात कालवून, फडक्यात पसरून लेप दिला आणि काकूंकरवी माझ्या पाठीला बांधला. "चटका लागला की काढायचा," काकू म्हणाल्या. "चटका लागला की थांबायचं," काका दाराबाहेरून म्हणाले, "चटका हीच तर सुरुवात." मी मूर्ख, काकांचं ऐकलं. फडकं काढलं तेव्हा पाठीवर हे एवढे फोड! मी बोंब ठोकली. काकूंनी धावत येऊन तूप लावलं आणि नवऱ्याचा असा उद्धार केला की मला माझी पाठ विसरायला झालं. आणि काका? त्यांचा चेहरा फुललेला. "बघितलंत? केवढा कफ होता! फोड घेऊन बाहेर आला शिंचा."

मोहरीचं कधी चुकायचंच नाही. बरं वाटलं तर मोहरीचा गुण, नाही वाटलं तर रोग मोठा. या माणसाशी वाद घालण्यात काही अर्थ नाही, हे मी त्या पालथ्या झोपून काढलेल्या रात्रींत शिकले.

आता तिसऱ्या डब्याविषयी.

दृष्ट काढणं हे आपल्याकडे बायकांचं काम. काका पुरुष असून दृष्ट काढत, आणि कोणी हसलं तर त्याचीही काढत. त्यांच्या आईला मुलगी नव्हती, म्हणून तिने ते मुलाला शिकवलं. डेपोत होते तेव्हा घाटातल्या गाड्यांचे ड्रायव्हर त्यांच्याकडून मोहरीची पुडी मागून नेत आणि खिशात ठेवत. त्यांतले दोघंतिघं म्हातारे होऊन अजून भेटायला यायचे. नवीन फ्रीज आला, त्याची दृष्ट काढली. फणसाला बुंध्यापासून फणस लागले, फणसाची काढली. मला बढती मिळाली तेव्हा माझी काढली आणि वर म्हणाले, "पगार कोणाला सांगू नको, मोहरी पुरायची नाही." आळीतल्या बाळंतिणी तान्ही पोरं घेऊन यायच्या. पोर किरकिर करत यायचं आणि काकांचं नाक बघून गप्प व्हायचं, असं काकू सांगायच्या.

पद्धत ठरलेली. माणसाला पूर्वेकडे तोंड करून बसवायचं. दोन्ही मुठींत मीठ-मोहरी, हातांची कैची करून डोक्यापासून पायापर्यंत ओवाळायचं, आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, सगळ्यांची नजर मनातल्या मनात मोजायची आणि मूठ निखाऱ्यांवर टाकायची. मिरच्या मुळीच नाहीत. मिरची टाकली की कोणीही ठसकतं, त्यातून काय कळणार? सगळं होईपर्यंत कोणी अक्षर बोलायचं नाही. बोललं की पुन्हा पहिल्यापासून. आणि मग काका शेगडीवर वाकून वास घ्यायचे. जळक्या मोहरीचा उग्र, घशात बसणारा वास आला, की दृष्टबिष्ट काही नव्हती, नुसता ताप किंवा नुसती किरकिर. वास आला नाही, किंवा कमी आला, तर दृष्ट लागलेली होती आणि तिने तो वास खाऊन टाकला. जितका वास कमी तितकी दृष्ट जबर. हा त्यांच्या आईचा नियम. एवढ्या वर्षांत वास अजिबात आलाच नाही असं मात्र कधी घडलं नव्हतं. थोडा तरी यायचाच.

फ्रीज, फणस, आळीतली पोरं, हे सगळं वरवरचं. तो पितळी डबा खरा होता तो काकूंसाठी. काकू वेळणेश्वरच्या. तरुणपणी फार देखण्या होत्या म्हणे. म्हणे कशाला, साठी उलटल्यावर, गुडघे धरून चालतानासुद्धा रस्त्यात माणसं वळून बघतील असा तो चेहरा होता. लग्नाच्या मांडवात कोणी तरी मोठ्याने विचारलं होतं, "मुलीचे डोळे तपासून घेतलेत ना?" मांडव हसला. काकाही हसले असतील. पण ते वाक्य त्यांच्या मनातून गेलं नाही. आपल्याला न शोभणारी चीज आपल्या घरात आली आहे आणि सगळ्या जगाचा तिच्यावर डोळा आहे, या धास्तीत त्यांनी संसार केला. दर शनिवारी दिवेलागणीला काकूंची दृष्ट निघे. त्यात खंड नाही.

आणि काकू दरवेळी मध्ये बोलायच्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. "अहो, माझ्याकडे आता बघतंय कोण? पलीकडचं मांजर, आणि तेही दुधासाठी." की काका वैतागून पुन्हा सुरुवात करायचे. एका शनिवारी मी जिन्यात बसून भाजी निवडत होते. काकूंचं ते मांजराचं वाक्य झालं. काका चिडले नाहीत. मूठ तशीच धरून हळू आवाजात म्हणाले, "मी बघतो ना."

मी भाजी उचलून गुपचूप वर गेले. दुसऱ्याच्या घरातलं असं काही कानावर पडलं की लाजच वाटते. थोडा हेवाही वाटला. माझं लग्न झालं नाही, आणि माझ्याकडे तसं कोणी बघितलंही नाही, हे इथे सांगून टाकते.

मग ती साथ आली.

पहिलं वर्ष. गणपती तोंडावर आलेले, मुंबईची माणसं गावोगाव उतरत होती आणि आळ्यांच्या तोंडाशी बांबू बांधलेले होते. कोणाला नक्की काहीच माहीत नव्हतं, पण बोलत सगळे होते. आमच्याच आळीतल्या एका गृहस्थांना गाडी येऊन घेऊन गेली, ते परत आलेच नाहीत. घरच्यांना तोंडही बघायला मिळालं नाही. त्यानंतर लोक इस्पितळाला आजारापेक्षा जास्त भ्यायला लागले. नेलं की गेलं, हेच जो तो म्हणायचा.

एका सकाळी काका जिन्याच्या खालच्या पायरीशी येऊन म्हणाले, "खाली येऊ नको गो. हिला जरा कणकण आहे."

"डॉक्टरांना फोन करू या."

"करू, करू."

मी काकूंना फोन लावला. आवाज बसलेला, पण जीभ तीच. "ताप आलाय खरा. तुझे काका पायाला मोहरीचं तेल चोळतायत. उद्या मला फोडणीत टाकणार बहुतेक." मी हसले आणि कचेरीत गेले. आमची कचेरी बंद नव्हती.

संध्याकाळी परत आले तर काका खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, माझी वाट बघत उभे. चेहरा असा उजळलेला, की मला वाटलं काकूंचा ताप उतरला. तोंडाला बांधलेला रुमाल खाली ओढून ते म्हणाले, "दृष्ट काढली. शनिवार नव्हता तरी काढली. आणि तुला सांगतो, वास नाही! कणभर नाही! अख्खी मूठ जळली आणि वासाचं नाव नाही. जन्मात असं बघितलं नाही मी."

"म्हणजे?"

"म्हणजे केवढी लागली होती बघ! पण निघाली. सगळी निघाली. आता उतार पडणार."

मी म्हटलं, "काका, दृष्ट निघाली ते छान झालं. पण डॉक्टरांना विचारायचंच. त्यांना फोन मी करते."

मी केला. डॉक्टर म्हणाले, तपासणीला घेऊन या, उशीर करू नका. मी जिन्यातून ओरडून सांगितलं. काका म्हणाले, "उद्या सकाळी नेतो. आत्ता डोळा लागलाय तिचा." सकाळी म्हणाले, "ताप कमी वाटतोय, दुपारी बघू." तो दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी पुण्याहून त्यांच्या मुलीचा मला फोन आला. "बाबा बरं आहे म्हणतात आणि आईला फोन देत नाहीत. तू खरं सांग." मी म्हटलं, मला खाली येऊ देत नाहीत, पण संध्याकाळपर्यंत नेलं नाही तर मीच गाडी बोलावते. मग मी काकांना दाराबाहेरून तसंच ठणकावलं. ते म्हणाले, "तुला कळत नाही. दृष्ट निघालेली आहे. आता तिथे नेऊन तिला मारायचं का?"

भीतीला असा आधार सापडला, की माणूस तो सोडत नाही. काका भ्याले होते. ते स्वतः आजारी पडायला भ्याले नव्हते, त्या बंद गाडीला भ्याले होते. आणि मोहरीने त्यांना सांगितलं होतं, की गाडीची गरज नाही.

त्या संध्याकाळी मी कचेरीतून आले, हातपाय धुतले आणि फोन उचलणार तोच माझ्या खोलीत धूर शिरला. जळक्या मोहरीचा. असा उग्र, की माझा घसा धरला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. खोकत खोकत मी गॅलरीत आले. खाली खळ्यात काका शेगडीवर वाकलेले. तोंडावर रुमाल नाही. नाक निखाऱ्यांच्या वर वीतभर अंतरावर, आणि छाती भरभरून श्वास घेत होते. धूर सरळ त्यांच्या तोंडात जात होता. मला बघून ते वर बघत म्हणाले, "आजही नाही! आजही वास नाही गो!"

मी कठड्यावरून खाली वाकून बघितलं. आमच्या कचेरीतल्या एका शिपायाला त्याच आठवड्यात चहाचा वास येईनासा झाला होता. तपासणीत आजार निघाला. हे मला माहीत होतं. आणि इथे मी वर ठसकत होते आणि काका धुरात उभे राहून वास नाही म्हणत होते.

"काका," मी ओरडले, "अहो, मी इथे मरत्येय ठसक्याने!"

"तो दुसऱ्या कोणाकडचा असेल."

मी स्वयंपाकघरातून माझी हिंगाची डबी घेतली, तोंडाला ओढणी बांधली आणि खाली उतरले. त्यांनी अडवलं तरी थांबले नाही. म्हटलं, "डोळे मिटा." का कोणास ठाऊक, त्यांनी मिटले. मी झाकण काढून डबी त्यांच्या नाकाला लावली. "ओढा श्वास. सांगा काय आहे."

त्यांनी लांब श्वास घेतला. ज्या नाकाला दहा घरांपलीकडची करपलेली डाळ कळायची, त्या नाकाने.

"काही नाही," ते म्हणाले. "रिकामी डबी आहे."

आणि डोळे उघडले. त्यांनी डबीत बघितलं. मग शेगडीकडे बघितलं. मग माझ्या डोळ्यांतल्या पाण्याकडे. तो चेहरा मला अजून दिसतो आणि तो मला दिसायला नको आहे. मग ते "अगो" असं काही तरी ओरडत घरात धावले.

गाडी आली. दोघांनाही नेलं. काकूंना खुर्चीत बसवून उचललं होतं, मान एका बाजूला पडली होती. मला बघून त्यांनी हात हलवायचा प्रयत्न केला. इस्पितळात दोघांना वेगळं केलं, बायकांचा वॉर्ड वेगळा. डॉक्टरांनी मुलीला फोनवर सांगितलं, की प्राणवायू फारच खाली गेलाय, दोन दिवस आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. काकू त्यातून उठल्या नाहीत. काका त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. त्यांना कोणी तरी दारातून सांगितलं. त्यांना खाली जाऊ दिलं नाही, कोणालाच देत नव्हते तेव्हा. मुलगी पुण्याहून पास काढून आली ती थेट स्मशानात, आणि लांबून बघून गेली.

काका परत आले ते अर्धे होऊन. नाक मात्र आलं नाही. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू, काहींना वेळ लागतो. मुलीने पुण्याला बोलावलं, ते गेले नाहीत. ती वडिलांशी बोलायची, पण जेवढ्यास तेवढं. तिला दोन दिवसांचं माहीत होतं. मीच सांगितलं होतं, तिने विचारलं तेव्हा.

खोटं कशाला बोलू, मलाही त्यांचा राग यायचा. खालून मोहरी तडतडायचा आवाज आला की माझ्या कपाळावर आठी चढायची. आरोळी बंद झाली होती. आता ते फोडणी कानाने करत. दाणे उडायचे थांबले की पुढचं घालायचं. डाळ करपली तर त्यांना कळायचं नाही, मी वरून ओरडायची, "काका, गॅस!" ते निमूट बंद करायचे आणि ते करपलेलं खायचे. चव कुठे होती, की कळेल? एकदा मी रायतं करून नेलं, मोहरी हात दुखेस्तोवर फेसून. त्यांनी एक घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि टाळूवर हात दाबला. नाटक. मला इतकं वाईट वाटलं, की मी पुन्हा कधी नेलं नाही.

आळीतली एक बाई तान्हं पोर घेऊन आली होती. दोन रात्री रडतंय म्हणून. काका ओटीवर बसले होते, उठलेही नाहीत. "डॉक्टरकडे ने," ते म्हणाले. "माझं नाक गेलंय. मला काही सांगता यायचं नाही." बाई म्हणाली, नुसतं ओवाळा तरी. ते म्हणाले, "आधी डॉक्टर. आत्ताच्या आत्ता. रिक्षा बोलावू का?" आणि खरंच उठून रस्त्यावर गेले रिक्षा बघायला. पितळी डब्यातली मोहरी त्यांनी फोडणीच्या डब्यात ओतून टाकली. ती महिना-दोन महिने पोटात गेली आणि संपली.

मग माझी चिपळूणला बदली झाली. खरं सांगायचं तर मी सुटले असंच मला वाटलं. सामान बांधत होते, दुपारची वेळ. जिन्यावर पावलं वाजली. काका कधी वर येत नसत. दम खात आले आणि माझ्या ट्रंकेवर बसले. मी पाणी दिलं. त्यांनी प्यायलं नाही.

"एक सांगायचंय," ते म्हणाले. "मुलीला सांगितलं नाही. सांगितलं तर ती यायचीच बंद होईल."

"काय?"

"पहिली दृष्ट काढली ना, तू कचेरीत होतीस तेव्हा. मी तुला खळ्यात सांगितलं, वास नाही म्हणून."

"हो."

"ती शेगडी मी खोलीतच नेली होती. ही पलंगावर बसलेली, उशीला टेकून. मी मूठ टाकली. हिला ठसका लागला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि म्हणाली, 'अहो, येतोय की वास.'"

मी हातातली साडी खाली ठेवली.

"मला वाटलं, मी घाबरू नये म्हणून म्हणत्येय. नेहमी तसंच करायची. कोणाची दृष्ट लागत नाही, तुम्ही उगाच जीव काढता, म्हणायची. शिवाय मध्ये बोलली. मी ओरडलो. पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा मूठ टाकली. तर पुन्हा ठसकली आणि माझा हात धरलान. म्हणाली, 'अहो, नाकातोंडात जातोय माझ्या. तुम्हाला कसा येत नाही?'"

काकांनी पंच्याने तोंड पुसलं. खाली रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"विचारलंन तिने मला. सरळ विचारलंन, तुम्हाला कसा येत नाही. आणि मी म्हटलं, गप्प बस. आता एक अक्षर बोललीस तर बघ. तिसऱ्यांदा ओवाळलं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय," काका म्हणाले. "ऐकलंन माझं. लग्न झाल्यापासून कधी ऐकलं नव्हतंन, ते त्या दिवशी ऐकलंन. त्यानंतर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही."